तळमजल्यावरचं शेपिंग मशीन

२ नोव्हेंबर

गुडघ्याच्या डॉक्टरांनी आज निकाल दिला. जिना बंद. दिवसातून एकदा उतरा, एकदा चढा, बास. आता आमच्या घरात झोपायच्या दोन्ही खोल्या वर. खाली स्वयंपाकघर, बैठक आणि आणखी एक चांगली हवेशीर खोली, पण तिच्यात माणूस राहत नाही, मशीन राहतं.

मशीन म्हणजे शेपर. दादा, माझा थोरला भाऊ, ज्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होता तो बंद पडला, तेव्हा भंगारात निघालेलं हे धूड त्याने घरी आणलं. त्याला चार वर्षं झाली. कुणी विचारलं तर मी सांगते, सुतार लाकडाला रंधा मारतो ना, तसा हे लोखंडाला मारतं. वरचं जड डोकं सावकाश पुढे जातं, लोखंड सोलतं आणि भरकन मागे येतं. म्हणजे येणार आहे म्हणे. चाललेलं मी अजून पाहिलेलं नाही. एका अंगाला चकचकीत हिरवा रंग, दुसऱ्या अंगाला गंज. शेजारीण म्हणते, तुमच्याकडे अर्धा दागिना आहे आणि अर्धं भंगार.

जेवताना डॉक्टरांचं सांगितलं. दादा घास चावत राहिला. मग म्हणाला, "विकतो."

"काय विकतोस?"

"मशीन. तू खाली ये, चिमे."

मी एकसष्ट वर्षांची आहे, पण त्याची चिमीच. मी वादाच्या तयारीने मुद्दे काढून ठेवले होते, सगळे वाया गेले. एवढ्या सहज म्हणाला म्हणजे त्यालाही कंटाळा आला असणार. सुंठीवाचून खोकला गेला.

ही वही निवृत्तीच्या दिवशी टेलिफोन खात्याने दिली होती, कोरीच पडली होती. विक्रीचं सगळं हिच्यात लिहून ठेवीन म्हणते.

५ नोव्हेंबर

जाहिरात लिहिली. आधी दादाने लिहिली होती ती अशी : "जुनं शेपर विकणे आहे. फीडचा गिअर तुटका. उजवी बाजू घासायची बाकी. मोटर आवाज करते. विचार करून यावे."

म्हटलं, "अरे, ही जाहिरात आहे की ताकीद?"

"खोटं कशाला लिहायचं?"

"खोटं नको. पण खरं जरा क्रमाने सांगावं."

शेवटी मी लिहिलं : "मजबूत, जुन्या बनावटीचं शेपर, निम्मं दुरुस्त, बाकीचं काम चालू." खाली नंबर माझा. दादा फोन कानाला लावतो तो तापलेली इस्त्री लावल्यासारखा. मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. आवाजावरून माणूस ओळखणं हा माझा हातखंडा. गिऱ्हाईक खरं की टाइमपास, हे मला 'हॅलो'तच कळतं.

९ नोव्हेंबर

चौदा फोन आले. सहा भंगारवाले. एकाने विचारलं, शेप देतं म्हणजे यावर कपडे शिवता येतील का? म्हटलं, येतील, पत्र्याचे.

एकच फोन कामाचा. बाईंचा आवाज. "रॅमचा पल्ला किती?" पहिला प्रश्न हाच. रॅम म्हणजे ते वरचं जड डोकं. मी वरून दादाला ओरडून विचारलं, त्याने खालून ओरडून आकडा सांगितला. बाई म्हणाल्या, "बरं. शनिवारी येते." खणखणीत आवाज, पण शेवटचा शब्द अलगद खाली ठेवणारा. असं माणूस घाईचं नसतं आणि घासाघीसही करत नाही.

१२ नोव्हेंबर

तीन गिऱ्हाइकं आली, तिन्ही गेली. दादा काही बाकी ठेवत नाही. एकाला तर मोटर काढून तिच्यातला दोष दाखवला. दुसरे गृहस्थ पॉलिशच्या बुटात आले होते, बोलता बोलता मशीनवर हात टेकून उभे राहिले. ते जाताच दादाने तेवढी जागा फडक्याने पुसली. त्याचा स्वच्छतेचा स्वभाव मला माहीत आहे, पण निदान माणूस फाटकाबाहेर जाईपर्यंत तरी थांबावं!

१५ नोव्हेंबर, शनिवार

फोनवरच्या बाई आल्या. पंचावन्नच्या आसपास असतील. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, नखांच्या कडेला न निघणारी काळी रेघ. गिअर बनवायचा छोटा कारखाना आहे, इथून गाडीने दहा मिनिटं. वडिलांनी काढला, भावांनी पाठ फिरवली, बाईंनी चालवला. लग्न केलं नाही. हे सगळं मी पाच मिनिटांत विचारून घेतलं. दादा भिंतीकडे पाहत उभा.

बाई हिरव्या बाजूला गेल्याच नाहीत. सरळ रॅमपाशी जाऊन खालच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. त्यांवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी आहे. मला ती शोभेची वाटायची.

"पट्ट्या घासून हे स्क्रेपिंग कुणी केलंय?"

"मी," दादा म्हणाला.

"हाताने?"

"मग काय पायाने?"

मला धरणी दुभंगावी असं झालं. पण बाई मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, असं काम मी वडील गेल्यानंतर पाहिलं नाही."

दादा तडक आत गेला. मला वाटलं, रागावला. तर साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन, तीन कप चहा घेऊन बाहेर आला. चहा! या माणसाला साखरेचा डबा कुठे असतो हे ठाऊक आहे, हे मला आज कळलं.

ठरलं ते असं : बाई मशीन घेणार, पण चालू स्थितीत. तुटका गिअर त्या बनवून आणणार, दादा तो बसवणार, उरलेली बाजू पुरी करणार. मला वाटतं आठवड्याचं काम.

२४ नोव्हेंबर

गिअर आला. दादाने बसवून पाहिला, कान लावला, फिरवला. म्हणाला, "अर्ध्या केसाने घट्ट आहे."

बाईंनीही कान लावला. "हो. घट्टच आहे."

घेऊन गेल्या. जायला दोन तास लागले, कारण दादाने त्यांना फाइली दाखवल्या. सगळ्या.

३ डिसेंबर

दुसरा गिअर. हा सैल निघाला. एवढ्या नावाजलेल्या कारागीर आणि एका गिअरला इतक्या खेपा! मी बोलून दाखवणार होते, पण दादाने डोळे वटारले. धंद्यात गिऱ्हाइकाला दुखवू नये हे त्याला उशिरा का होईना कळलं. हल्ली बाई यायच्या दिवशी इस्त्रीचा शर्टही घालतो. मीच मागे लागायचे, चारचौघांत नीट राहा म्हणून. पालथ्या घड्यावर पाणी वाटायचं, पण कुठेतरी मुरत होतं तर!

आज भाजी निवडताना बाई मला म्हणाल्या, "मिस्त्रींनी लग्न नाही केलं?"

मी सांगितलं, त्याला इच्छाच नव्हती. माझे यजमान गेले तेव्हा मी तेहतीस वर्षांची, इथे राहायला आले. दोन-तीन वर्षांनी एक चांगलं स्थळ आलं होतं त्याला. मी म्हटलं, कर की. तर म्हणाला, "घरात एक बाई आहे ना डोकं खायला, दुसरी कशाला?" असला विनोदी स्वभाव.

बाई हसल्या नाहीत. मटारचे दाणे निवडत राहिल्या आणि सालं दाण्यांच्या भांड्यात टाकत राहिल्या.

११ डिसेंबर

तिसरा गिअर. आता म्हणे बसतो, पण 'गातो', म्हणजे फिरताना बारीक सूर काढतो. गातो तर गाऊ दे, असं मी म्हटलं. दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी काही मी शाळेत पाढा चुकले.

बाई आज दादाला मिस्त्री म्हणाल्या नाहीत. नुसतं "अहो, तो पाना द्या." शब्द आठवला नसेल. वयाने होतं असं.

१४ डिसेंबर

सकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय घसरला. हाड वाचलं, पण मांडी काळीनिळी झाली. दादा मला धरून खाली बसवताना पांढराफटक पडला होता. म्हणाला, "या आठवड्यात संपवतो." मी चिडून म्हटलं, "महिना झाला ऐकतेय. तुमचा गिअर गातोय आणि मी रडतेय." वाईट बोलले. पण खरं बोलले.

१६ डिसेंबर

आज सौदा केला. फोन एका सजावटकाराचा. मोठ्या हॉटेलच्या दारात जुनं यंत्र ठेवायचं आहे, लोक त्यासमोर फोटो काढतात म्हणे. बाईंनी सांगितलं होतं त्याच्या दुप्पट देतो, चार दिवसांत उचलतो, चालू असण्याची गरजच नाही. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

दादा वाटीत रंग कालवत होता. त्याला सांगितलं. थोडा वेळ ब्रश फिरवत राहिला.

"बाईंना शब्द दिलाय आपण," म्हणाला.

"त्यांनी तरी कुठे नेलं अजून?"

"तेही खरं." मग म्हणाला, "दे त्याला. तुझे गुडघे महत्त्वाचे."

समजूतदार आहे माझा भाऊ. तरी जेवण मात्र निम्मं टाकलं.

१७ डिसेंबर

सजावटकार टेप घेऊन आला. गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "आतलं सगळं काढून टाकू. मोटर, गिअर, सगळं. नुसतं खोकं पाहिजे. आत दिवे लावू. आणि हे ओरखडे आहेत ना, पट्ट्यांवरचे, ते बुजवून सोनेरी मारू."

ते ओरखडे म्हणजे दादाची खवल्यांची नक्षी.

मला वाटलं आता दादा याला पान्याने हाणतो. तो एवढंच म्हणाला, "न्या." आणि वर जाऊन आडवा झाला. दुपारी बारा वाजता. तापाने फणफणला तरी हा माणूस दिवसा अंथरुणाला पाठ लावत नाही. कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

१८ डिसेंबर

आजही दादा मशीनपाशी गेला नाही. बैठकीत बसून कालचंच वर्तमानपत्र वाचत होता.

मी त्या खोलीत जाऊन बसले. चार वर्षांत दारातून हाक मारण्यापलीकडे मी कधी आत गेले नव्हते. पट्ट्यांवरून बोट फिरवलं. डोळ्यांना खवले दिसतात, पण बोटाला काही लागत नाही, साय लागावी तसं. खिडकीत दादाची वही होती. रोज किती घासलं त्याची नोंद. "आज निळा रंग लावून पाहिला, सात ठिकाणी उंच. घासलं." दुसऱ्या दिवशी, "पाच ठिकाणी." मग "अजून पाच." अशी पानंच्या पानं. मोजायला बसले, तर एका पट्टीवर पाच महिने गेले होते. आणि मी शेजारणीला सांगायचे, दादा खाली खुडबुड करतो!

बाहेर आले आणि सजावटकाराला फोन करून नाही म्हणाले. त्याने मला शब्दाची किंमत शिकवली. मी ऐकून घेतलं, कारण त्याचं बरोबर होतं. उभ्या आयुष्यात दिलेला शब्द मी पहिल्यांदा मोडला.

मग बाईंना लावला. म्हटलं, "मशीन तुमचंच आहे. मध्ये एक जण आला होता, त्याला घालवला. पण दादाने हातच लावलेला नाही दोन दिवस. नुसता बसलाय. तुम्ही येऊन जरा बोलता का?"

पलीकडून, "ते स्वतः नाही बोलले?"

"तो फोनवर कुणाशीच बोलत नाही हो. पण काल झोपेत गिअर-गिअर करत होता."

बाई हसल्या. मग तो आवाज एकदम ओलसर झाला, मध्येच तुटला. लाइन खराब असावी. म्हणाल्या, "येते. आत्ताच येते."

वीस मिनिटांत दारात. दादा त्यांना पाहून उभा राहिला आणि वर्तमानपत्राची घडी घालायला लागला. चार वेळा घातली.

"अहो," बाई म्हणाल्या, "गाणारा गिअर बसवून टाकू या. गाऊ दे."

"गाऊ दे," दादा म्हणाला.

हेच मी आठवड्यापूर्वी सांगितलं होतं!

३० डिसेंबर

मशीन चाललं!

दुपारी बाई आल्या. दादाने चार वेळा तेल घातलं, दोनदा पट्टा चाचपला आणि बटन दाबायच्या वेळी मागे सरला. म्हणाला, "चिमे, तू दाब."

दाबलं. आधी एक हुंकार, मग ते थोरलं डोकं हललं. सावकाश पुढे, भरकन मागे. लोखंडाच्या ठोकळ्यावरून निळसर सालपट गुंडाळत खाली पडलं, पेन्सिलीला टोक करताना पडतं तसं. मी ते उचलायला गेले तर दोघं एकदम ओरडले, "गरम आहे!"

दहा मिनिटं तिघंही तिथेच उभे होतो. त्या दोघांचं लक्ष कामावर नव्हतं हे मात्र मी पाहिलं. ठोकळा सोडून एकमेकांकडेच बघत होते. एवढा चांगला कट निघतोय आणि बघायला मी एकटी!

४ जानेवारी

मशीन गेलं. दाराची चौकट काढावी लागली. खाली लोखंडी पाइप सरकवून, पहारींनी ढकलत, हमालांनी दीड तासात रस्त्यावर आणलं. दादा प्रत्येक पाइपाला सूचना देत होता. मुकादम शेवटी म्हणाला, "काका, मशीन शांत आहे, तुम्ही पण व्हा."

मला वाटलं होतं दादा खचेल. तो टुणकन टेम्पोत चढून मशीनशेजारी बसला. म्हणाला, "लेव्हल केल्याशिवाय चालवू देणार नाही. संध्याकाळपर्यंत येतो."

मी रिकाम्या खोलीत एकटीच. फरशीवर तेलाचे चार डाग, मशीनच्या चार पायांचे. घासले, गेले नाहीत.

१९ जानेवारी

खाली राहायला आल्याला आठवडा झाला. खिडकीतून रस्ता दिसतो, गुडघे मला दुवा देतात. दादा मात्र अजून लेव्हलच करतोय. रोज नऊला जातो, सहाला येतो. पंधरा दिवस! जमीन वाकडी आहे का काय त्या बाईंची? घरी आला की शीळ घालतो. घर तसं फार शांत झालंय. मशीन चालत नव्हतं तरी खाली कुणीतरी आहे असं वाटायचं.

२ फेब्रुवारी

बाईंनी कारखाना बघायला बोलावलं. दादा पुढे गेला होता, मी मागून रिक्षाने गेले.

शेपर मधोमध, दोन्ही अंगांनी हिरवं. दाराशी दादाच्या चपला. खिळ्याला दादाचा जुना शर्ट. खिडकीत दादाचा दुसरा चष्मा, जो तो महिनाभर घरात शोधतोय. किती वस्तू विसरतो हा माणूस, मी म्हणणार होते.

तेवढ्यात लेथवर काम करणारे म्हातारेबुवा जवळ आले. वडिलांच्या वेळेपासूनचे आहेत. भिंतीवर परत गेलेले पहिले दोन गिअर टांगलेले होते, त्यांकडे मान करून हळूच म्हणाले, "ताई, पहिलाच बसत होता. मी मापला होता ना. नंतरचे दोन मुद्दाम करायला लावले बाईंनी, एक जरा सैल ठेवा, म्हणाल्या."

"मुद्दाम? कशाला?"

म्हातारेबुवांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेपरकडे पाहिलं. तिथे दादा आणि बाई एकाच कागदावर वाकले होते, आणि बाईंनी न बघता हात पुढे केला, आणि दादाने न बघता त्या हातात पेन्सिल दिली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चहा, इस्त्री, अहो, मटार. मी रिकाम्या स्टुलावर बसले. म्हातारेबुवांनी पाणी आणून दिलं. म्हणाले, "सगळ्यांनाच उशिरा कळलं ताई. मला मात्र पहिल्या गिअरलाच."

३ फेब्रुवारी

दिवसभर डोकं ठिकाणावर नाही. खरं लिहायचं तर पहिला विचार आला तो माझा स्वतःचा : हा गेला तर मी या घरात एकटी. दुसरा विचार त्याहून वाईट. 'दुसरी कशाला' हा विनोद नव्हता. माझ्या घरी परतण्यापायी तो राहून गेला, आणि पंचवीस वर्षं मी लोकांना सांगत राहिले की त्याला इच्छाच नव्हती.

तो सहाला आला. चपला काढायच्या आत म्हटलं, "दादा, तिला विचारलंस का?"

"काय?"

"आता मी सांगू काय ते?"

तो दारातच बसला. कितीतरी वेळ चपलेचा पट्टा सोडवत होता, पट्ट्याची चप्पल नसताना. मग म्हणाला, "तुझं काय, चिमे?"

"माझं काय म्हणजे? मला तळमजला मिळालाय."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही. दादा, माझ्यासाठी खूप थांबलास. आता माझ्यासाठीच जा. उद्या सकाळी."

"उद्या बुधवार. तिची तातडीची ऑर्डर आहे."

"तू विचार. ती सवड काढेल."

४ फेब्रुवारी

साडेआठलाच गेला. मी तीनदा चहा केला आणि तीनदा गार केला. अकरा वाजता फाटक वाजलं. चेहऱ्यावरून काही कळेना, तेल मात्र लागलेलं होतं.

"काय म्हणाली?"

"आधी हातातला गिअर पुरा केला तिने. मला उभं ठेवलं. मग हात पुसले आणि म्हणाली, बरं."

"नुसतं बरं?"

"नुसतं. मग विचारलं, ताई एकट्या राहणार का? म्हटलं, तेच मोठं कोडं आहे. तर म्हणाली, कोडं कसलं, तुमच्या वरच्या दोन खोल्यांत तुम्ही एकटे लोळता, मी इथे कारखान्यामागे एका खोलीत राहते. मीच येते तिकडे. फक्त ताईंना विचारून या." त्याने तोंडावरचं तेल पुसलं. "म्हणून आलो. विचारायला."

मी हसायला लागले. मग रडायला आलं. मग दोन्ही एकदम.

दादा खुंटीवरची पिशवी काढून म्हणाला, "तू काय ते एक ठरव. मी भाजी घेऊन येतो. ती जेवायला येतेय आणि घरात दोन कांदे आहेत."

"मटार आण," मी म्हटलं, "आणि ते मी निवडीन. तिच्या हातात देऊ नको."